सरमेचा प्रश्न

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाची कथा सुरू होते न होते तोच एका कुत्र्याच्या पिल्लास मार बसतो. कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र चालू असता देवशुनी सरमा हिचे पोर यज्ञमंडपाशी येते आणि राजाचे तिघे भाऊ त्यास झोडपून काढतात. पोर रडत आईकडे जाते. आई म्हणते, तुझ्या हातून काही आगळीक झाली असेल. ते सांगते, मी हविष्यान्नास तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा सरमा स्वतः सत्रात येऊन उभी राहते आणि विचारते, की अपराध नसता यास का मारलेत? मंडपातून उत्तर येत नाही. मग ती शाप देते आणि राजा त्या शापाच्या परिहारासाठी पुरोहित शोधीत फिरू लागतो.

आम्ही पडलो वकिली पेशातले. आम्हांस या कथेतील शापापेक्षा तिच्यातील फिर्याद अधिक मोलाची वाटते. फिर्यादीने स्वतःच्या पक्षाची उलटतपासणी आधी घरी केली, मग ती दरबारात आली, आणि प्रतिपक्षापाशी जबाब नव्हता. रस्त्यावरच्या कुत्र्याविषयी आपल्या देशात गेली दोनशे वर्षे जे कज्जे चालले आहेत, त्यांत हा प्रश्न निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा येतो.

आम्ही राहतो ती तरसाली वडोदऱ्याच्या दक्षिण अंगास आहे. एके काळचे स्वतंत्र खेडे, आता शहरात मुरून गेलेले. आमच्या वसाहतीत दत्तात्रेयाचे लहानसे देऊळ आहे. गरुडेश्वर आणि नारेश्वर ही दोन्ही दत्तस्थाने नर्मदाकाठी फार दूर नसल्यामुळे या भागातील मराठी घरांत दत्तभक्ती मुरलेली आहे आणि गुजराती शेजारीही तीत मनापासून सामील असतात. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात. ते चार वेद होत, असे आपले वडीलधारे सांगत आले. परंतु गेल्या दत्तजयंतीस देवळाच्या मांडवाखाली प्रत्यक्षातील एक कुत्री व्याली. पाच पिले झाली. आपल्याकडे भाद्रपद आणि कुत्री यांचे नाते भाषेतच रूढ आहे; गर्भ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिले यावयाचीच. आमच्या शेजारच्या बहेनने गुजरातच्या चालीप्रमाणे घरोघर फिरून पीठ, तूप, गूळ गोळा केला आणि बाळंतिणीस शिरा करून घातला. दुसऱ्या दिवशी त्याच बाळंतिणीने प्रसादाच्या रांगेतील एका मुलाच्या पोटरीचा चावा घेतला.

विश्वस्तांची बैठक भरली. एक पक्ष म्हणाला, सगळी कुत्री पोत्यात घालून महामार्गापलीकडे सोडून यावी. दुसरा पक्ष म्हणाला, दत्ताच्या दारातून कुत्रे हाकलणे हे पाप होय. अध्यक्ष अण्णा वयाने पंच्याहत्तरीच्या पुढचे, पण वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "वकीलसाहेब, आता म्हणे सुई टोचूनही यांची वीण थांबवता येते. कापाकापी नको, मारणे नको. तसे काही आहे का, आणि कायद्यास ते चालेल का, ते आपण लेखी द्या." ते लेखी मत देण्यासाठी जे वाचन झाले, त्याचा हा विस्तार आहे.

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. कंपनी सरकारच्या अंमलात उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारशी कुत्री मारण्याचा नियम होता. १८३२ साली ती मुदत वाढविण्यात आली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवण्यात आले. पैशाचा लोभ लागल्यावर मारेकरी घरांच्या ओट्यांवरूनही कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान मोठे. मृतदेहास श्वानाची दृष्टी घडविणे हा त्यांच्या अंत्यविधीचाच भाग आहे. ६ जून रोजी, त्यांच्या सणाच्या दिवशी, कोटात जमावाने पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यात उतरले आणि कुलाब्याच्या फौजेची रसद अडविली गेली. शेवटी लष्कर बोलवावे लागले. दंगेखोरांना शिक्षा झाल्या. पण त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेदजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. मारू नका, आम्ही सांभाळतो, असा तो नागरिकांचा जबाब होता, आणि आमच्या मते तो त्या काळी मिळू शकणारा सर्वांत सभ्य जबाब होता. उणीव इतकीच, की पांजरपोळीत जागा मोजकी आणि रस्त्यावर वीण अमोज.

गुजरातेत हा सांभाळण्याचा संस्कार आणखी खोल गेलेला आहे. मेहसाणा जिल्ह्यातील पांचोट गावी कुत्र्यांच्या पोटापाण्यासाठी जमीन राखून ठेवलेली आहे आणि तिचे उत्पन्न त्यांच्या भाकरीकडे जाते. श्वानांच्या नावे धर्मादाय जमीन हा प्रकार विधिमहाविद्यालयात कोणी आम्हांस शिकविला नव्हता!

याच गुजरातेत १९२६ साली तो मोठा वाद झाला. अहमदाबादेतील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारात फिरणारी साठ कुत्री मारविली आणि नंतर अस्वस्थ होऊन गांधीजींपुढे ती गोष्ट सांगितली. गांधीजींनी त्यांस दोष दिला नाही. शहरात काहूर उठले. अहिंसेचा उपासक हिंसेस संमती देतो, म्हणून पत्रांचा पाऊस पडला, त्यांत जैन बांधवांची पत्रे विशेष कडक होती. 'यंग इंडिया'त ऑक्टोबर १९२६ पासून गांधीजींनी त्यांस लेखमालेनेच उत्तर दिले. त्या मालेतील मर्म पुष्कळदा विपर्यस्त स्वरूपात सांगितले जाते. कुत्री मारणे हे पुण्य आहे, असे ते म्हणत नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की धन्याविना हिंडणारे कुत्रे हे समाजाच्या आळसाचे चिन्ह होय. ज्यास दया येते त्याने ते कुत्रे घरी नेऊन पाळावे, किंवा त्याच्या पालनाची व्यवस्था करावी. जाता जाता तुकडा फेकून पुढे जाणे ही दया नव्हे, तीत कुत्र्याचाही अपमान आहे. एका चतकोर भाकरीने आपण पुण्य विकत घेतो आणि तिचा खर्च दुसऱ्या कुणाच्या पोटरीवर पडतो, असा त्याचा आमच्या भाषेत अर्थ. या मताशी पूर्ण सहमत होणे आम्हांस जड जाते; पण खोडून काढणे त्याहून जड जाते. गांधीजींपुढे त्या वेळी दोनच वाटा होत्या: पाळा अथवा मारा. वीणच थांबविण्याची तिसरी वाट तेव्हा सार्वजनिक कामासाठी कोणाच्या हाती नव्हती.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक आणले. पंडित नेहरूंच्या आश्वासनावरून ते मागे घेतले गेले आणि त्यातून पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम आला. १९६२ साली स्थापन झालेल्या जीवजंतु कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या. मात्र या दयेच्या कायद्याच्या कलम ११ मध्येच एक अपवाद होता: भटकी कुत्री विषारी वायूच्या कोठडीत किंवा नियमांनी ठरविलेल्या अन्य रीतीने नष्ट करणे ही क्रूरता समजली जाणार नाही. म्हणजे दंडुका गेला, कोठडी आली. नगरपालिका वर्षानुवर्षे मारीत राहिल्या आणि कुत्र्यांची संख्या काही केल्या हटेना. जागा रिकामी झाली, खरकटे तसेच राहिले, की शेजारच्या गल्लीतील कुत्री तेथे येतात आणि वाचलेली पिले अधिक जगतात; हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९९२ साली लिहिले, पण आपल्या कोणत्याही जुन्या झाडूवाल्याने ते आधीच सांगितले असते.

तिसरी वाट आली ती शस्त्रक्रियेची. मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने तिचा आग्रह साठाच्या दशकापासून धरला होता. जयपुरात १९९४ पासून हेल्प इन सफरिंग या संस्थेने ती पद्धतशीर चालविली. जयपूरचे आकडे आम्ही मुद्दाम पाहिले. १९९४ ते २००२ या काळात सुमारे पंचवीस हजार कुत्री धरून, शस्त्रक्रिया व रेबीजची लस देऊन, जेथून नेली तेथेच सोडण्यात आली. तेथील माद्यांपैकी सुमारे ६५ टक्के वंध्य झाल्या, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी उतरली आणि त्या भागात माणसांना रेबीज होणे थांबले. आठ वर्षे आणि पंचवीस हजार शस्त्रक्रिया यांची किंमत २८ टक्के! हा आकडा वाचून कोणी निराश होईल, कोणी सुखावेल. आम्हांस तो प्रामाणिक वाटला, आणि त्यातील 'माद्या' हा शब्द आम्ही मनात टिपून ठेवला.

२४ डिसेंबर २००१ रोजी केंद्राने श्वानांच्या जननियंत्रणाचे नियम केले. पकडा, वंध्य करा, लस द्या, त्याच जागी सोडा, मारू नका. आता प्रश्न असा उभा राहिला, की नगरपालिकांच्या कायद्यांनी आयुक्तांस दिलेला कुत्री मारण्याचा जुना अधिकार उरला की गेला? हा कज्जा या मासिकाच्या वाचकांच्या अंगणातच घडला. गोव्यातील पीपल फॉर एलिमिनेशन ऑफ स्ट्रे ट्रबल्स या संघटनेचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये बहुमताने निर्णय झाला, की उपद्रवी कुत्री नष्ट करण्याचा अधिकार नियमांमुळे लोपत नाही. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. प्रकरण पंधरा वर्षे चालले. नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने नियमांचे पालन करावयास सांगितले गेले. १० मार्च २०२३ रोजी नवे नियम आले, आणि ९ मे २०२४ रोजी, यापुढील तक्रारी नव्या नियमांप्रमाणे पाहाव्यात असे म्हणून न्यायालयाने तो जुना गठ्ठा निकालात काढला.

तो निकालात निघतो न निघतो तोच २०२५ उजाडले. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातील सारी भटकी कुत्री निवाऱ्यांत नेण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींनी तो बदलला आणि रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री सोडून बाकीची शस्त्रक्रिया व लस झाल्यावर मूळ जागी सोडावीत, खाऊ घालणे नेमलेल्या जागीच व्हावे, असे सांगितले. ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील कुत्री उचलून तेथे परत न सोडण्याचा आदेश झाला. तीन महिन्यांत तीन सूर! यावरून न्यायालयास हसू नये. १८३२ च्या दंगलीपासून जो समाज एका हाताने शिरा घालतो आणि दुसऱ्या हाताने पोते शोधतो, त्याच्या न्यायासनाने एकाच सुरात बोलावे ही अपेक्षाच अवास्तव आहे.

अण्णांच्या सुईकडे आता वळावयास हवे. शस्त्रक्रियेची अडचण तत्त्वात नाही, हिशेबात आहे. पशुवैद्य, भूल, निर्जंतुक कक्ष, त्यानंतर काही दिवस पिंजऱ्यात देखभाल, हे सारे प्रत्येक कुत्र्यामागे हवे. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. एक सुई रस्त्यातच टोचून काम भागले, तर केवढी सोय! म्हणूनच २००८ साली अमेरिकेत गॅरी मायकेलसन या शल्यविशारदाने अडीच कोटी डॉलरांचे पारितोषिक लाविले आणि संशोधनासाठी आणखी पाच कोटी ठेवले. अट अशी, की एकाच मात्रेत, कायमचे, नर-मादी दोहोंवर आणि कुत्रा-मांजर दोहोंवर चालणारे औषध पाहिजे. पारितोषिकाची रक्कम पाहिली म्हणजे अडचणीचे माप कळते.

नरावर चालणारी सुई पुष्कळ आधी निघाली. जस्ताचा एक क्षार, झिंक ग्लुकोनेट, वृषणात टोचला असता तेथील बीजनिर्मिती थांबते. २००३ साली अमेरिकेच्या औषध खात्याने कुत्र्याच्या नर-पिलांसाठी त्यास मान्यता दिली. आपल्या बंगालमधील जाना व सामंत या संशोधकांनी तर कॅल्शियम क्लोराइडसारख्या अगदी स्वस्त द्रव्याने भटक्या नर कुत्र्यांवर तोच परिणाम साधला आणि २००७ साली त्याचे मात्रावार निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगाचे यश म्हणजे औषधाचा परवाना नव्हे. तरीही ज्या देशास खर्चाची चिंता अधिक, त्या देशातून हा शोध यावा हे शोभून दिसते.

पण येथेच जयपूरचा तो शब्द आठवावा. एका आळीतील दहा नरांपैकी नऊ वंध्य केले, तरी दहावा सगळ्या माद्यांस पुरतो. झिंकच्या सुईने नराचे संप्रेरक पूर्णपणे आटतही नाही. त्यामुळे भाद्रपदातील झुंजी थांबतीलच असे नाही. पिले मादीच्या पोटी येतात आणि मादीसाठीच सुई काढणे कठीण आहे. तिची बीजकोषे पोटात खोल असतात. त्यांस बाहेरून टोचता येत नाही, शरीराच्याच यंत्रणेची समजूत घालावी लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत मादीच्या बीजाभोवतालच्या आवरणातील प्रथिनांविरुद्ध लस करण्याचे प्रयत्न झाले. कुत्र्यांच्या वंशनियंत्रणाचा उद्देशही त्यांत होता. अमेरिकेत 'गोनाकॉन' नावाची लस मेंदूकडून येणारा प्रजननाचा संदेशच अडविते. ती हरिणांसाठी व रानघोड्यांसाठी नोंदविली गेली. कुत्र्यास ती रेबीजच्या लसीबरोबर दिली असता रेबीजच्या लसीचे काम बिघडत नाही, असे २००९ च्या एका अभ्यासात दिसले. एकाच धरपकडीत दोन्ही टोचण्या, ही कल्पना आमच्यासारख्या सामान्य माणसासही पटते. परंतु अशा लसींचा प्रभाव प्रत्येक प्राण्यात सारखा टिकत नाही. आणि रस्त्यावरील कुत्री दुसऱ्या मात्रेसाठी तारखेस हजर राहत नाही. युरोप-ऑस्ट्रेलियात डेस्लोरेलिनची कातडीखाली बसविण्याची गोळी मिळते. तिचा गुण सहा महिने वा वर्षभर. पाळीव कुत्र्याच्या धन्यास ती उपयोगी, गल्लीस नव्हे.

सर्वांत आशेची वार्ता मांजरांकडून आली. देवळाच्या मुदपाकखान्यात ज्यांनी मांजर पाहिले आहे, त्यांस तिच्या वंशविस्ताराविषयी सांगावयास नको. जून २०२३ मध्ये सिनसिनाटीचे प्राणिसंग्रहालय आणि बोस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालय यांच्या संशोधकांनी एका निरुपद्रवी विषाणूच्या वाहनातून मांजरीच्या शरीरात असा एक जनुक पोचविल्याचे प्रसिद्ध केले, की शरीर स्वतःच बीजवाढ रोखणारे द्रव्य पुष्कळ प्रमाणात निर्मू लागते. एकच टोचणी. सहा मांजरींस ती दिली, तिघींस दिली नाही. बोक्यांच्या सहवासात ठेवल्यावर तिघींना पिले झाली, सहांपैकी एकीलाही झाली नाहीत, आणि दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. प्रयोग नऊ मांजरींचा आहे. त्यावरून नगरे चालविता येत नाहीत. तथापि अण्णांचा प्रश्न खुळा नव्हता, एवढे यावरून सिद्ध होते.

कायद्याच्या बाजूने एक अडचण आम्ही मतपत्रिकेत नोंदविली आहे. आपल्या नियमांची सारी बांधणी शस्त्रक्रियेभोवती आहे: केंद्र, शस्त्रक्रियागृह, पिंजरे, कानास कापलेली खूण. भूल दिलेली असते म्हणून कान कापता येतो आणि कापलेल्या कानावरून कोणते कुत्रे झाले हे गल्लीस कळते. रस्त्यात टोचून सोडलेल्या कुत्र्याची ओळख कशाने पटावी? ज्याची नोंद नाही त्याच्या नावे बिल मात्र दोनदा निघू शकते. सुई आली तर तिच्याबरोबर खुणेची आणि मोजदादीची तरतूद नियमांत करावी लागेल.

आणखी एक गोष्ट बैठकीत सांगावी लागली. वीण थांबविणे आणि रेबीज थांबविणे ही दोन कामे आहेत. लोक त्यांची गल्लत करतात. रेबीजने भारतात दर वर्षी सुमारे ५,७०० माणसे मरतात, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. पूर्वीचे अंदाज याहून कितीतरी मोठे होते. गोव्याने काय केले पाहा. राज्य सरकार आणि मिशन रेबीज यांनी २०१४ पासून घरोघर, गल्लोगल्ली जाऊन सुमारे ७० टक्के कुत्र्यांस दर वर्षी लस टोचली. २०१८ पासून पुढची काही वर्षे तेथे माणसास रेबीज झाल्याची नोंद उरली नाही, आणि २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांची संख्या घटण्याची वाट कोणी पाहिली नाही. पूर्णपीठापर्यंत कज्जा नेणारा गोवा आणि लसीने माणसे वाचविणारा गोवा, दोन्ही एकच.

आम्ही दिलेले मत थोडक्यात असे होते: पोत्यात घालून महामार्गापलीकडे सोडणे बेकायदेशीर आहे, मादीसाठी खात्रीची, मान्यताप्राप्त, कायमची सुई आज हाताशी नाही, तोवर शस्त्रक्रिया व लस हाच मार्ग, आणि तीही माद्यांपासून. खाऊ घालण्याची जागा देवळाच्या दारापासून दूर, एकच, वेळ ठरवून. प्रसादाच्या पत्रावळी उघड्या टाकू नयेत. मुलाच्या चाव्याची लस त्याच दिवशी सुरू झाली होती; उरलेल्या मात्रा चुकू नयेत याची जबाबदारी एका विश्वस्तावर टाकावी.

शेजारच्या बहेनला खाऊ घालण्याच्या जागेचे कलम मुळीच आवडले नाही. "कुत्रीला नियम कोण समजावणार?" असे त्यांनी गुजरातीत विचारले. अण्णा म्हणाले, "कुत्रीला नको, बेन, तुम्हाला समजला म्हणजे झाले." त्यावर चार दिवस दोघांत बोलणे नव्हते. पाचव्या दिवशी त्यांनीच देवळामागच्या भिंतीशी एक मातीची परळ आणून ठेवली आणि पत्रावळींसाठी झाकणाचे पिंप विकत आणले. पैसे शिऱ्याच्या वर्गणीतून उरलेले होते.

पिलांचे दूध सुटल्यावर महानगरपालिकेच्या गाडीने कुत्रीस नेले आणि काही दिवसांनी डावा कान टोकाशी कापलेल्या स्थितीत देवळापाशीच आणून सोडले. पाच पिलांपैकी दोन घरांत गेली, एक गाडीखाली सापडले. उरलेल्या दोघी माद्या आहेत. पुढचा भाद्रपद येण्यापूर्वी त्यांचे वय पुरेल, असे पशुवैद्यांनी सांगितले असून अण्णांनी ती तारीख देवळाच्या दिनदर्शिकेत, उत्सवांच्या यादीतच, लिहून ठेवली आहे.